कॉलम व्ह्यूवर आल्यापासून नुसतं स्क्रोल केलं तरी चेकबॉक्स बदलतायत

खटपट्या:
मंडळी, जरा मदत पाहिजे. एक जुनं डेस्कटॉप ॲप आहे, पायथनमध्ये, जीटीके ३ वर (खिडक्या-बटनं बनवायची लायब्ररी) लिहिलेलं. कामांची यादी आहे, प्रत्येक रोमध्ये चेकबॉक्स, नाव, तारीख, प्रायॉरिटी आणि वर सर्चचा बॉक्स, बास. जीटीके ४ वर आणलं तेव्हा ट्री व्ह्यू (यादी दाखवणारं जुनं विजेट, म्हणजे स्क्रीनवरचा तयार भाग) तसाच ठेवला होता आणि चाललाही निवांत. पण ४.१० पासून ट्री व्ह्यू, लिस्ट स्टोअर, सेल रेंडरर, कॉम्बो बॉक्स सगळं खानदानच डेप्रिकेटेड (चालतं, पण पुढे वापरू नका असं जाहीर) करून टाकलंय, वॉर्निंग बघून बघून वैताग आला, म्हटलं एकदाच काय ते त्याच्या जागी आलेल्या कॉलम व्ह्यूवर जाऊ.

तर आता सिग्नल लिस्ट आयटम फॅक्टरी वापरतोय, म्हणजे सेलचे विजेट बनवून त्यात डेटा भरायची सोय. सेटअपमध्ये (विजेट बनताना) चेक बटन बनवतो, बाइंडमध्ये (विजेटला आयटम मिळाला की) त्या आयटमचं बघून टिक लावतो नाहीतर काढतो आणि तिथेच टॉगल्ड सिग्नल (टिक बदलली की सुटणारा) जोडतो. दिसतं एकदम झकास. पण एखाद्या कामावर टिक करून खाली स्क्रोल केलं आणि परत वर आलो की भलत्याच कामांवर टिक, आणि कधी कधी तर माउसला बोटही न लावता, म्हणजे क्लिक न करता, नुसत्या स्क्रोलनं 'झालेली कामं' हा आकडा कमीजास्त होतो. दुसरं म्हणजे सर्चमध्ये काहीतरी टाइप करून मग रो डिलीट केली की उडते तिसरीच. ट्री व्ह्यूत असलं कधी झालं नव्हतं. हा जीटीकेचा बग म्हणायचा का?

अर्धविराम:
बग नाही. ट्री व्ह्यूत सेल रेंडरर नुसता चित्र काढायचा, चेकबॉक्स दिसायचा पण तिथे खरं विजेट नसायचंच. कॉलम व्ह्यूत प्रत्येक सेलमध्ये खरंखुरं विजेट असतं, आणि हजारो रोंसाठी हजारो विजेट बनवणं परवडत नाही म्हणून तो स्क्रीनवर मावतील तेवढ्या आणि वर थोड्या जास्तीच्या रो बनवतो आणि स्क्रोल कराल तशा त्याच फिरवून फिरवून वापरतो. एका विजेटसाठी सेटअप एकदाच होतो, बाइंड आणि अनबाइंड सारखे होत राहतात.

आता तुमच्याकडे काय होतंय ते सांगतो. समजा एक चेक बटन आधी 'रिपोर्ट पाठवणे' या कामाला मिळालं, हे काम झालेलं आहे म्हणून टिक लागली आणि हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) जोडला गेला, त्या हँडलरनं रिपोर्टचा आयटम धरून ठेवलाय. तुम्ही स्क्रोल केलं, तेच बटन आता 'बॅकअप घेणे' ला मिळालं, ते बाकी आहे म्हणून बाइंडमध्ये तुमचा कोड टिक काढतो. टिक निघाली की टॉगल्ड सुटणारच, आणि जुना हँडलर कुणी काढलेलाच नाही, तो जाऊन रिपोर्टला 'बाकी' करून मोकळा. क्लिक कुणीच केलं नाही आणि डेटा बदलला. जितकं जास्त स्क्रोल तितके एकाच बटनावर हँडलर साठत जातात, मग एका क्लिकमध्ये चार-पाच कामं पालटली तर नवल नाही.

बाइंडमध्ये जोडलेलं सगळं अनबाइंडमध्ये सोडायचं, हा झाला सरळ नियम. पण चेकबॉक्ससाठी मी तर सिग्नल सेटअपमध्येच एकदा जोडतो आणि हँडलरला आयटम न देता लिस्ट आयटम (सेल आणि त्यातला सध्याचा आयटम यांना जोडणारा दुवा) देतो. हँडलर चालेल तेव्हा लिस्ट आयटमला विचारायचं, बाबा आत्ता तुझ्याकडे कोणता आयटम आहे, आणि त्यावरच बदल करायचा. मग काढायची भानगडच नाही.

डिलीटचं दुखणं वेगळं आहे. सिलेक्शनकडून (कोणती रो निवडलीय ते सांभाळणारं मॉडेल) मिळणारी पोझिशन ही फिल्टर आणि सॉर्ट होऊन जे उरलंय त्यातली असते, मूळ लिस्ट स्टोअरमधली नाही (हे जीआयओचं लिस्ट स्टोअर, डेप्रिकेटेड झालेलं जीटीकेचं नव्हे). सर्च रिकामा आणि सॉर्टही नाही तेव्हा दोन्ही आकडे जुळतात म्हणून टेस्टिंगमध्ये सापडत नाही. पोझिशन घेऊच नका, सिलेक्शनकडून सिलेक्टेड आयटम घ्या, स्टोअरच्या फाइंडनं त्याची खरी जागा काढा आणि मग रिमूव्ह करा.

जुनं_ते_सोनं:
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. गरज काय आहे पण? डेप्रिकेटेड म्हणजे काढून टाकलं असं नाही, जीटीके ४ ची सिरीज आहे तोवर ट्री व्ह्यू राहणार, जाईल तो ५ मध्ये. तोपर्यंत वॉर्निंग बंद करून झोपा की. ट्री व्ह्यूत नुसतं टाइप करायला लागलं की त्या नावाच्या रोवर उडी मारता येते, कॉलम व्ह्यूत ते तयार मिळत नाही, स्वतः लिहा. आणि पंधरा-वीस कॉलम असतील तर प्रत्येक सेल हे खरं विजेट, स्क्रोल जड होतं ते वेगळंच. नवीन आहे म्हणून चांगलंच असतं हे मला काही पटत नाही.

कंपाइलवेडी:
@जुनं_ते_सोनं वीस कॉलमचं मान्य, पण यांचे चार कॉलम आहेत हो. आणि चालू ॲपमध्ये एकेक खिडकी सावकाश बदलता येते तोवर बदललेली बरी, ५ आल्यावर सगळं एकदम अंगावर घेण्यापेक्षा.

खटपट्या, अर्धविराम यांनी सांगितलंय ते करच पण त्यात एक मेख आहे. सेटअपमध्ये सिग्नल जोडलास तरी बाइंडमध्ये टिक लावताना टॉगल्ड सुटतोच. आता तो बरोबर आयटमवर सुटतो आणि तीच व्हॅल्यू परत लिहितो म्हणून दिसायला काही बिघडत नाही, पण हँडलरमधूनच डेटाबेसला सेव्ह करत असशील तर नुसत्या स्क्रोलनं धडाधड राइट व्हायला लागतील. आयटममधली व्हॅल्यू आणि बटनाची व्हॅल्यू सारखी असेल तर तिथूनच मागे फिर, सेव्ह करू नको.

मुळात हे विजेट बदलण्याचं काम नाहीच असं माझं मत आहे, डेटा बदलण्याचं आहे. ट्री व्ह्यूची रो म्हणजे स्टोअरमधल्या व्हॅल्यूंची एक ओळ, शून्य नंबरच्या कॉलममध्ये बूलियन, एक नंबरमध्ये स्ट्रिंग वगैरे. आता रो म्हणजे तुझं स्वतःचं ऑब्जेक्ट. आधी व्ह्यूला हातच लावू नको, जीऑब्जेक्टवरून (जीटीकेच्या ऑब्जेक्टचा मूळ क्लास) कामाचा क्लास बनव, झालं-बाकी, नाव, तारीख यांना जीऑब्जेक्टच्या प्रॉपर्टी कर, साधे पायथनचे ॲट्रिब्यूट ठेवलेस तर बदल झाल्याचं नोटिफाय मिळणार नाही आणि स्क्रीनवर जुनंच दिसत राहील. मग एकावर एक रच, लिस्ट स्टोअर, त्यावर फिल्टर, त्यावर सॉर्ट, सगळ्यात वर सिलेक्शन. कॉलम व्ह्यूला सिलेक्शनच द्यावं लागतं, नुसतं स्टोअर तो घेत नाही.

सॉर्टमध्ये सगळे अडकतात. कॉलमला सॉर्टर दिला की हेडरवर क्लिक केल्यावर बाण येतो, परत क्लिक केलं की उलटतो सुद्धा, आणि यादी मात्र जागची हलत नाही. कारण कॉलम व्ह्यूचा स्वतःचा एक सॉर्टर असतो तो काढून सॉर्ट मॉडेलला द्यावा लागतो, ते राहून जातं.

आणि हजारो कामं लोड करताना एकेक अपेंड करू नको, लिस्ट बनवून एका स्प्लाइसमध्ये (सगळं एकगठ्ठा) टाक. प्रत्येक अपेंडला वरच्या सगळ्या थरांना बदलाचा सिग्नल जातो, स्प्लाइसला एकदाच.

खटपट्या:
चालतंय!! सिग्नल सेटअपमध्ये हलवला, फाइंडनं डिलीट केलं, आकडा आता गप एका जागी बसलाय. डेटाबेसचं पण खरं निघालं, लॉगमध्ये स्क्रोलबरोबर राइट दिसत होते, व्हॅल्यू तपासल्यावर थांबले.

दोन शंका उरल्यात. नवीन काम टाकलं की त्या रोपर्यंत स्क्रोल कसं करायचं, ट्री व्ह्यूत स्क्रोल टू सेल होतं. आणि पुढे कामाखाली उपकामं दाखवायचीत, ट्री स्टोअरला पर्याय काय?

अर्धविराम:
स्क्रोल टू आहे पण ४.१२ पासून. उबुंटू २२.०४ वर ४.६ आहे आणि डेबियन १२ वर ४.८, तिथले युजर असतील तर व्हर्जन तपासूनच कॉल करा नाहीतर ॲप आपटेल. पोझिशन इथे मात्र सिलेक्शनमधली द्यायची बरं का, स्टोअरमधली नाही, वरच्या डिलीटच्या बरोबर उलट.

उपकामांसाठी ट्री लिस्ट मॉडेल, त्याला एक फंक्शन द्यायचं जे आयटम घेऊन त्याच्या मुलांची लिस्ट देतं, मुलं नसतील तर काहीच देत नाही. पासथ्रू (रोऐवजी थेट आयटम द्यायचं सेटिंग) बंदच ठेवा, चालू केलंत तर ट्री एक्सपांडर (उपकामं उघडायचा-मिटायचा बाण) चालणार नाही कारण त्याला ट्री लिस्ट रो (आयटमभोवतीचं आवरण) लागते. म्हणजे बाइंडमध्ये गेट आयटम केल्यावर तुमचं काम मिळत नाही, रो मिळते, तिच्यातून परत एकदा आयटम काढायचा. आणि सॉर्टरला ट्री लिस्ट रो सॉर्टरमध्ये गुंडाळा, नाहीतर उपकामं आईबापांना सोडून यादीभर पांगतील.