मदत हवी आहे: स्वीडनमध्ये मऊ पोळीसाठी कुठलं पीठ घेता?

उप्सालात एक्स्चेंजला आलेय, जूनपर्यंत आहे. क्नेकेब्रेड, म्हणजे इथली राय (rye) या धान्याची कडक कुरकुरीत पोळी म्हणा हवं तर, चीज लावून आवडीने खाते, पण डब्याला आपली पोळीच हवी. वेतेम्योल (इथलं साधं गव्हाचं पीठ) मैद्यासारखं, पोळी गार झाली की चामट होते, आणि ग्राहम्सम्योलमध्ये (कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ) कोंडा इतका जाड की लाटताना कडा फाटतात. निम्मं-निम्मं घेऊन, कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास ठेवलं, थोडाच फरक पडला. शेगडी इलेक्ट्रिक आहे, आचेवर फुलवता येत नाही, आणि स्टॉकहोमहून आटा आणणं बजेटमध्ये बसत नाही. कोंडा चाळून घेऊ का, आणि दुपारपर्यंत पोळी मऊ राहायला दोन्ही पिठांचं नेमकं प्रमाण काय ठेवू?