कर्जतच्या शेतकऱ्याची भाजी सोसायटीत आणतोय, पण माल उरतोय. काय करावं?

खारघर_सेक्टर20:
आमची 56 घरांची सोसायटी. कामाला येणाऱ्या ताईंचे मेहुणे कर्जतजवळ शेती करतात, एप्रिलपासून दर रविवारी भाजी आणतात. पहिले दोन रविवार तासाभरात टेम्पो रिकामा. आता पावसात भेंडी, शिराळी, काकडी, दुधी एवढंच येतं, तर लोक विचारतात फ्लॉवर का नाही, मटार का नाही. गेल्या रविवारी अकरा किलो भेंडी उरली. दादा काही बोलले नाहीत, पण ती परत गोणीत भरताना त्यांच्याकडे बघवेना. त्यात कमिटीतले एक काका म्हणतात, बाजार समितीचा परवाना लागतो. मला हे बंद पडू द्यायचं नाहीये.

घोडबंदरची_आई:
आधी परवान्याचं. 2016 मध्ये महाराष्ट्रात फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला. बाजार समितीच्या आवाराबाहेर शेतकरी आपला माल थेट विकू शकतो. सोसायटीकडून फक्त जागेची परवानगी घ्या.

माल उरतो कारण तोडणी आधी आणि गिऱ्हाईक नंतर. आमचे दादा मुरबाडचे, चौथं वर्ष आहे. गुरुवारी रात्री ते ग्रुपवर टाकतात काय निघेल, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आम्ही मागणी देतो, शनिवारी पहाटे तोडून दहाला गेटवर. शिवाय 22 घरं मे महिन्यातच दोन-दोन हजार देतो. बियाणं, लावणीची मजुरी, सगळा खर्च तेव्हाच अंगावर येतो, आणि हातात पैसा नसला की उधारीवर काढावं लागतं. पुढे दर शनिवारी त्यातून वजा होतं. भाव हंगामभर एकच. वाशीच्या घाऊक बाजारात भेंडीचा भाव पडला तरी आम्ही कमी देत नाही, चढला तरी ते जास्त मागत नाहीत. पहिल्या वर्षी नऊ घरं यातून गळली. गळू देत.

आणि लावणीला एक रविवार सगळ्यांना शेतावर न्याच. माझा मुलगा दीड तास चिखलात रोपांच्या मुठी पुढे देत होता. तेव्हापासून पानांना भोकं पडलेली माठाची भाजी बघून तो नाक मुरडत नाही.

मटार मागणाऱ्यांना रानभाज्या दाखवा. कंटोळी, टाकळा, फोडशी, आणि पावसाच्या तोंडावर शेवळं. दादांच्या आई शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडंही (एका रानझाडाची आंबट फळं) देतात, न मागता.

ऐरोलीकर:
भाजीबरोबर तांदूळही घ्या. आपल्याकडच्या शेतकऱ्याचं मुख्य पीक भात, आणि तेच तो व्यापाऱ्याला पडत्या भावात घालतो. आम्ही दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यातल्या वाड्याहून कोलम आणतो, तिथे झिनी म्हणतात. 2021 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानात त्या नावाने काय काय विकतात ते बघता शेतकऱ्याकडूनच घेतलेला बरा. कमी पॉलिश करायला सांगा.

खारघर_सेक्टर20:
मनापासून आभार. आत्ताच दादांना फोन केला, या गुरुवारपासून यादी. आगाऊ पैशांना सात घरं तयार आहेत, सातांवर सुरू करते. शेवळांबरोबर काकडं कशाला?

घोडबंदरची_आई:
खाज जाते, नाहीतर घसा धरतो. वरचं आवरण आणि आतला पिवळा भाग काढून टाका, बारीक चिरा, काकडं ठेचून त्यांचं पाणी घाला. सुकट घातली तर भाकरी जास्त करा.