काळी चारमध्ये गाते, गिटार कोणती घेऊ?

भोपळा मिरजेचा
वय ५३, उंची जेमतेम पाच फूट. गाणं शिकलेय, माझा सा पेटीच्या चौथ्या काळीवर (काळी चार), घरात तंबोरा आहे, गिटारमधलं मात्र ओ की ठो कळत नाही. मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला तेव्हा त्याची कॉलेजातली गिटार माळ्यावर टाकून गेला. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली, खुंट्या पिळून सूर लावला आणि अडकले ती अडकलेच. २०२४ मध्ये आमच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि ही बाई गिटारीच्या मागे, असं नणंद म्हणते. म्हणू दे.

अडचण अशी की तारा दाबून बोटांच्या शेंड्यांना चरे पडलेत. नवीनच घ्यावी म्हणून दुकानात गेले, तर त्यांनी निळीशार, पिकअप (स्पीकरला जोडायचा माइक) बसवलेली पुढे केली. "आंटी, लुक भारी आहे." मला लुक काय करायचाय? बजेट बारा हजार. काय बघून घ्यायची?

सहावी तार
ताई, स्टेजवर वाजवणार नसाल तर पिकअपचे पैसे वाचवा. आधी घरचीच तपासा. तीन एटीएम कार्डं एकावर एक धरा (एक पाऊण मिलिमीटरचं, म्हणजे तीन मिळून सव्वादोन) आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) सगळ्यात जाड तारेखाली सरकवा. तारेला जेमतेम टेकून बसली तर तारांची उंची ठीक. वर फट उरली तर बोटं दुखणारच, त्यात तुमचा दोष नाही.

नायलॉनवाला
सरळ क्लासिकल घ्या, नायलॉनच्या तारा बोटांना मऊ लागतात. फक्त मान रुंद असते, नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला) ५२ मिमी. स्टीलवालीची साधारण ४३.

भोपळा मिरजेचा
सहा कार्डं गेली. घरात तेवढीच होती.
नायलॉनवाले दादा, माझा हात लहान, ५२ झेपणार नाही. मग याच गिटारीला नायलॉनच्या तारा लावू का?

सहावी तार
नको, तिच्यावर धड वाजणार नाहीत. आणि उलटं तर मुळीच करू नका. क्लासिकलला स्टीलच्या तारा लावल्या तर ताणाने ब्रिज (पोटावर तारा अडकवतात तो तुकडा) उखडून येतो.
सहा कार्डं म्हणजे माळ्यावरच्या उन्हा-पावसाने पोट फुगलं असेल किंवा मान उचलली असेल. सॅडल, म्हणजे ब्रिजवरची ती पांढरी पट्टी, घासून तार खाली आणता येते. पण बाराव्या फ्रेटवर एक मिमी हवा असेल तर सॅडल दोन मिमी घासावं लागतं, तेवढं उरलंय का बघा.
नवीन घ्याल तेव्हा लहान अंगाची घ्या. ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाची, तुमच्या काखेत मावायची नाही. तारा बारीक, १२ ऐवजी १० नंबरच्या लावून मागा. आणि आवाजाच्या भोकाच्या कडेला नीट बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून आत उतरताना दिसल्या तर सॉलिड टॉप (वरचं लाकूड अख्खं), सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय.

पट्टीवाला
काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि जी कॉर्ड वाजवा. झालं. गळा उघडला आणि काळी पाच धरलीत तर कॅपो तिसऱ्यावर, बोटं तीच.

भोपळा मिरजेचा
(पंधरा दिवसांनी) आणली! कार्डं घेऊनच गेले होते, दुकानातला पोरगा बघतच राहिला. दर तारेवर दर फ्रेट दाबून ऐकला. पहिल्या गिटारीत पाचव्या तारेला तिसऱ्या फ्रेटवर झिर्र असा आवाज आला. मला तर फारच आवडला. सतारमेकर गल्लीत या झिर्रसाठी कारागीर घोडी, म्हणजे सतारीचा ब्रिज, तासत बसतात, वर तारेखाली दोरा सरकवायचा तो वेगळाच. पोरगा म्हणाला, "आंटी, हा फॉल्ट आहे." ठेवली परत.
शेवटी यामाहाची एफएस८०० घेतली. बजेट ओलांडलं, कितीने ते इथे लिहीत नाही, नणंद वाचते. अंगाला बिलगून बसते. रात्री कॅपो लावून जी छेडला, त्यावर सा लावला आणि तो लागला. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, हे लग्नानंतर पहिल्यांदाच.
तारा कधी बदलायच्या? तंबोऱ्याच्या मी तुटल्याशिवाय बदलत नाही.

सहावी तार
रोज वाजवत असाल तर दोन-तीन महिन्यांनी. वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसा. घरी आणल्यावर उंची परत मोजलीत का?

भोपळा मिरजेचा
मोजली. तीन बरोब्बर बसली. मग एक हातातून सुटलं आणि भोकातून आत गेलं. ह्यांचं आहे. आत्ता गिटार उलटी धरून हलवतेय.