मदत हवी आहे: टेनिस रॅकेट ३०० ग्रॅमची की २८५?

वय ४४, आठवड्यातून तीनदा डबल्स, तेही क्ले कोर्टवर. दहा वर्षांची जुनी रॅकेट आता फ्रेमला तडा जाऊन निवृत्त झाली. दुकानदार ट्रायलला दोनच रॅकेट घरी न्यायला देतोय, म्हणून विचारतोय.

एक बाबोलाट प्युअर ड्राइव्ह, ३०० ग्रॅम. दुसरी योनेक्स ईझोन १००एल, २८५ ग्रॅम. दोन्ही वजनं तारांशिवायची. तारा आणि ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) धरून वीसेक ग्रॅम वाढतातच.

दुकानात हवेत फिरवून पाहिलं तर हलकी झकास वाटते, नेटजवळ व्हॉलीला (टप्पा पडायच्या आत चेंडू मारताना) पटकन समोर येते. पण समोरून जोरात सर्व्हिस आली की हलकी रॅकेट हातात वळते आणि तो धक्का थेट कोपरात जातो, असं पार्टनर म्हणतो. माझा कोपर आधीच कुरकुरतोय (गेल्या पावसाळ्यात महिनाभर पट्टा लावून फिरलो). उलट जड घेतली तर तिसऱ्या सेटला खांदा बोलायला लागेल ही भीती.

हलकी घेऊन रॅकेटच्या डोक्याशी लेड टेप (वजन वाढवायची शिशाची चिकटपट्टी) लावणं कुणी केलंय का? आणि ट्रायलला दोन्हींत तारांचा ताण सारखाच मागावा ना? नाहीतर फरक वजनाचा की तारांचा, कळायचं कसं?