फ्लशची टाकी रात्रभर झिरपते, त्याबद्दल

ताई, फ्लश न दाबताही कमोडमध्ये पाणी झिरपतं आणि प्लंबर अख्खी टाकी बदला म्हणतो, असं लिहिलंत. थांबा जरा. आधी झाकण उघडून बघा. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीवरून (जादा पाणी कमोडमध्ये सोडणारी टाकीतली उभी नळी) सांडत असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, खाली करा किंवा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह, तपासा. पातळी नळीच्या खाली असेल तर टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला की समजा, टाकीच्या तळाचा रबरी वॉशर नीट बसत नाहीये. इंदूरला आमच्याकडे नर्मदेच्या जोडीला बोअरिंगचं जड पाणी. क्षारांचा थर वॉशरवर बसतोच. व्हिनेगरने पुसून बघा, नाहीतर नवा घाला. आणि कळकळीने सांगते, क्षार घालवायला म्हणून अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीच एकत्र ओतू नका, विषारी क्लोरीन वायू होतो.