गिरणीच्या गिऱ्हाइकांना दिवाळीत काय द्यावं?

गिरणवाला, शहापूर:
वडिलांपासूनची पिठाची गिरण आहे. दिवाळीत गिऱ्हाइकांना काहीतरी द्यावं म्हणतोय. गेल्या साली १५० कॅलेंडरं छापली, निम्मी डब्याखाली अंथरायला गेली. आपल्या बेळगावचा कुंदा (दुधाची मिठाई) द्यायचा तर पावपाव किलोसुद्धा परवडत नाही. काय करू?

खानापूरची सून:
कॅलेंडर नको हो दादा! आमचा गिरणवाला नाचणी दळून झाली की माझे गहू लगेच टाकत नाही. आधी स्वतःचे मूठभर गहू फिरवून काढतो, मग माझा डबा. चपात्या काळपट होत नाहीत. कधी बोलून दाखवलं नाही त्यानं. म्हणून तर मी दोन गिरणी ओलांडून त्याच्याकडं जाते. (कुंदा दिलात तर नाही म्हणणार नाही!)

निपाणीकर:
डब्यांवर नावाच्या पट्ट्या लाव मर्दा. कन्नड गिऱ्हाईक असेल तर कन्नडात. आमच्या किराणा दुकानात पिशव्यांवर तसं लिहितो, लोक खूश असतात.

गिरणवाला, शहापूर:
मूठभर गव्हाचं पटलं. भाजणीच्या गर्दीत जमतंय का बघतो. पट्ट्यांचं काम पोरीकडं, तिचं कन्नड अक्षर चांगलंय. एका आज्जींचा डबा चार दिवस इथंच पडून आहे, तो आज घरी पोचवतो.