मदत हवी आहे : कावळे म्हाताऱ्या कुत्र्याची शेपटी ओढतात, त्याला जेवू देत नाहीत

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या एका जुन्या बैठ्या घरात राहतो. घरात आई, मी आणि वडिलांनी पाळलेला राजा नावाचा गावठी कुत्रा आहे. राजा आता ११ वर्षांचा असून त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे. गेल्या महिनाभरापासून परसातले कावळे त्याला इतके छळत आहेत की त्याने दिवसाचे खाणे जवळजवळ सोडले आहे. म्हणून ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांचा सल्ला हवा आहे.

राजाला सकाळी दुधात कुस्करलेली भाकरी जर्मनच्या ताटलीत देतो. ताटली ठेवून मी वळलो की मानेला राखाडी पट्टा असलेले दोन गावकावळे खाली उतरतात. एक समोर दोन हातांवर तिरक्या चालीने येरझाऱ्या घालतो आणि दुसरा मागून दबकत येऊन शेपटीच्या टोकाचे केस चोचीत धरतो, हिसका देतो आणि उडी मारून मागे सरतो. राजा गुरगुरत मागे वळतो, तेवढ्यात समोरच्याने भाकरीचा तुकडा उचललेला असतो. परवा मी खिडकीत बसून मोजले, तेव्हा पाव तासात १४ वेळा शेपटी ओढली गेली आणि राजाच्या पोटात जेमतेम चार घास गेले. शेवटी तो ताटलीपासून उठला आणि भिंतीला शेपटी टेकवून बसून राहिला. ते पाहवले नाही.

शेपटीच्या टोकाचे केस आता गेले असून कातडी सोलवटली आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून अन्य आजार नसल्याचे सांगितले आणि मलम दिले. जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू घातला, पण त्यामुळे त्याला मागचे काहीच कळेनासे झाले आणि कावळ्यांचे अधिकच फावले, म्हणून दोन दिवसांत तो काढला. पावसाळा तोंडावर आहे आणि ओल्या जखमेवर माशी बसून किडे पडतील, ही खरी भीती आहे.

दुसरा त्रास वेगळा आहे आणि तो मला समजू शकतो. परसातल्या आंब्यावर कावळ्यांचे घरटे आहे. काटक्यांबरोबर त्यात तारांचे तुकडेही दिसतात. पहाटेपासून कोकीळ त्याच झाडावर ओरडत असतो, त्यामुळे आतली पिल्ले नक्की कोणाची हे सांगणे कठीण आहे. राजा झाडाखालून गेला की कावळे पाठीमागून झेप घेऊन त्याच्या डोक्यावर टोच मारतात. ते पिल्लांच्या काळजीने होत असावे आणि पिल्ले उडाली की थांबेल, असे मी धरून चाललो आहे. कुंपणावरची खारही त्याला पाहून शेपटी झटकत तासन्‌तास चिरकते, पण ती तिची धोक्याची हाक आहे आणि तिने त्याला कधी इजा केलेली नाही. ताटलीपाशी होणारा प्रकार मात्र भीतीपोटी होत नाही, कारण भाकरी संपल्यावरही एखादा कावळा परत येऊन उगीच शेपटी ओढून जातो.

आतापर्यंत जुन्या सीडी दोरीला बांधून लटकवल्या. त्यांचा उपयोग दोनच दिवस झाला. ताटली स्वयंपाकघरात ठेवून पाहिली, पण इतकी वर्षे परसात जेवलेला राजा घरात तोंड लावत नाही, उंबऱ्यापाशीच बसून राहतो. शेजारच्या काकांनी गलोल वापरण्याचा आणि मेलेला कावळा टांगण्याचा सल्ला दिला. दोन्ही गोष्टी मला करायच्या नाहीत. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांनी २००६ साली मुखवटे घालून कावळे पकडले होते आणि त्यानंतर कित्येक वर्षे ते मुखवटे दिसताच तिथले कावळे कल्ला करत राहिले. तिकडच्या कावळ्यांची जात वेगळी आहे, हे खरे. तरीही आमच्या कावळ्यांनी चेहरे लक्षात ठेवले, तर रोज गच्चीवर जाणाऱ्या आईला त्याचा त्रास होईल.

खरी अडचण इथेच आहे. वडील गेल्यापासून, म्हणजे सुमारे दीड वर्ष, आई रोज जेवणाआधी गच्चीच्या कठड्यावर कावळ्यांसाठी घास ठेवते. घास शिवला की मगच ती पानावर बसते. कावळ्यांना या घराची सवय त्या घासामुळे लागली असावी, असे मला वाटते, पण तिला घास बंद कर असे मी सांगणार नाही. राजाही वडिलांचाच होता. त्याची शेपटी पाहून ती दोनदा रडली आहे. मला या दोघांनाही सांभाळायचे आहे.

म्हणून विचारतो. आईचा घास राजाच्या जेवणाच्या वेळीच ठेवला, तर कावळे गच्चीवर गुंततील की आणखी कावळे गोळा होतील? लक्ष्मीपुरीतून हिरवी जाळी आणून परसाच्या कोपऱ्यात, तिन्ही बाजूंनी आणि वरून बंद असा आडोसा करण्याचा विचार आहे. म्हातारा, अधू दृष्टीचा कुत्रा अशा जागेत जेवायला रुळतो का आणि त्याला किती दिवस लागतात? जाळीत पक्ष्यांचे पाय अडकू नयेत म्हणून ती कशी ताणावी? शेपटीला पट्टी बांधली तर कावळे तीच ओढतील का? पाऊस लागण्याआधी आडोसा उभा करायचा आहे, त्यामुळे ज्यांनी असे काही प्रत्यक्ष केले असेल त्यांनी मापांसह लिहिल्यास फार उपकार होतील.